सावरीचा कापूस: पिंजण्यापूर्वी त्याची पोकळी ओळखा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सावरीच्या कापसाचे एक पोते आपल्या हाती आले आहे आणि त्यातून उशा भरायच्या आहेत. ज्याला कापोक म्हणतात तो हाच का, तो साध्या कापसासारखा यंत्रावर पिंजून घ्यावा का, त्याचे सूत निघते का, भरलेली उशी धुता येते का, आणि हा कापूस पाण्यात बुडत नाही म्हणून पूर्वी जीवरक्षक जॅकेटमध्ये भरत असत हे खरे का, असे आपण विचारले आहे. तंतूंची तपासणी आणि गाद्या-उशा भरणे या दोन्ही कामांत माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. परंतु एक गोष्ट तातडीची असल्याने आधीच सांगतो: ते पोते कृपया पिंजायला देऊ नका. कारण पुढे येईलच.

प्रथम नावांचा उलगडा करू. मराठीत ‘सावर’ हा शब्द दोन वेगळ्या झाडांना लागतो. लाल, मांसल, तळहाताएवढ्या फुलांची ती काटेसावर. संस्कृतातील शाल्मली तीच आणि तिचे शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स सेइबा. दुसरी पांढरी सावर, म्हणजे सेइबा पेंटॅण्ड्रा. जगाच्या व्यापारात कापोक हे नाव मुख्यतः या दुसऱ्या झाडाच्या तंतूला आहे आणि तो शब्द मलय भाषेतील ‘कापुक’वरून आला आहे. दोन्ही शास्त्रीय नावांत ‘सेइबा’ असल्याने जाणत्यांचीही गल्लत होते. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ही दोन्ही झाडे बॉम्बॅक्स याच प्रजातीत घातली होती; पांढरी सावर गेर्टनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये सेइबा या प्रजातीत नेली. कूळ मात्र दोघींचे एकच, आणि कापूस, भेंडी, जास्वंद यांचेही तेच.

झाड पाहिलेले असेल तर ओळख सोपी आहे. काटेसावरीचे फूल मोठे आणि लाल असते, त्यात पुंकेसरांचा दाट झुबका असतो आणि मधासाठी त्यावर दिवसभर पक्ष्यांची झुंबड उडते. पांढऱ्या सावरीची फुले लहान, मळकट पांढरी किंवा फिकट गुलाबी असून ती घोसाने लागतात. प्रत्येकात पुंकेसर पाचच असतात आणि ‘पेंटॅण्ड्रा’ या शब्दाचा अर्थही तोच आहे. ही फुले सांजावल्यावर उमलतात आणि त्यांचे परागीभवन प्रामुख्याने वटवाघळे करतात. झाड त्या सुमारास निष्पर्ण असते, त्यामुळे वटवाघळांना फुलांपर्यंत पोहोचायला पानांची आडकाठी होत नाही. आपल्याकडे झाड नाही, केवळ पोते आहे. अशा वेळी रंगावरून अंदाज बांधावा लागतो. पांढऱ्या सावरीचा तंतू दुधी ते फिकट पिवळसर, चकचकीत आणि दाबल्यावर चटकन वर येणारा असतो. काटेसावरीचा किंचित तपकिरी झाक असलेला आणि थोडा कमी उसळणारा असतो. व्यापारात काटेसावरीच्या तंतूला ‘इंडियन कापोक’ म्हणतात. उशीसाठी दोन्ही चालतात आणि पुढे सांगितलेली निगा दोन्हींना सारखीच लागू आहे.

आता बोंड. पोत्यात एखादे न फुटलेले बोंड राहिले असेल तर ते अवश्य उघडून पाहा, कारण कापोक आणि कापूस यांतील मूळ फरक तिथेच दिसतो. वाळलेले बोंड हाताच्या अंगठ्याने दाबले की पाच शिवणींवर उकलते. आत तंतूंचा गच्च बसवलेला, रेशमासारखा चमकणारा लोळा असतो आणि त्यात वाटाण्याहून लहान काळसर बिया सुट्या बसलेल्या असतात. एक बी चिमटीत धरून उचला. ती अलगद बाहेर येते, तिला केस चिकटलेला नसतो. कापसाच्या बोंडात असे कधीच होत नाही, कारण कापसाचा प्रत्येक तंतू सरकीच्या सालीतूनच उगवलेला असतो आणि सरकी वेगळी करायला यंत्र लागते. सावरीचा तंतू बीचा नव्हेच. तो फळाच्या आतल्या भिंतीवर वाढतो आणि बोंड पिकताना तिथून सुटतो. म्हणून सावरीच्या कापसाची बी काढायला रेचणीची गरज पडत नाही. तंतू एखाद्या जाळीदार तळाच्या टोपलीत घेऊन काठीने घुसळला की बिया आपसूक खाली पडतात. आपल्या पोत्यात बिया असतील तर हेच करावे. बिया टाकून देण्यासारख्या नाहीत. त्यांत वजनाच्या २० ते २५ टक्के तेल असते, ते साबणासाठी वापरतात आणि उरलेली पेंड गुरांना घालतात.

यापुढचे सगळे एका तंतूच्या रचनेवर उभे आहे. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. कापोकचा तंतू काचेच्या नळीसारखा सरळ, गुळगुळीत आणि गोल दिसतो, आणि द्रवात ठेवून पाहिला तर त्याच्या पोकळीत अडकलेले हवेचे लांबट बुडबुडे स्पष्ट उमटतात. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक विद्यार्थी काचपट्टी नीट बसली नाही असे समजून ती पुन्हा लावतो. ते बुडबुडे म्हणजेच कापोक. तंतूची लांबी साधारण १ ते ३ सेंटिमीटर, जाडी २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आगेमागे किंवा त्याहून थोडी अधिक आणि नळीची भिंत जेमतेम १ ते ३ मायक्रॉन. समजा जाडी २० मायक्रॉन आणि भिंत १ मायक्रॉन आहे; मग आतल्या पोकळीचा व्यास १८ मायक्रॉन झाला आणि छेदाच्या क्षेत्रफळाचा ८१ टक्के भाग नुसती हवा झाली. भिंतीचा पदार्थ पाण्याहून जड असूनही पोकळीसकट मोजलेल्या तंतूची घनता पाण्याच्या पाव ते तृतीयांशाच्या दरम्यान येते ती यामुळे. कापसाची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट आहे.

भिंतीचा पदार्थही कापसाहून निराळा आहे. कापसात ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. कापोकमध्ये त्याचे प्रमाण बरेच कमी असून लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर असतो. त्यामुळे तंतू काहीसा ठिसूळ असतो आणि उन्हात फार काळ उघडा राहिला तर पिवळा पडतो. तंतू कापसाचा की कापोकचा याविषयी शंका असेल, तर फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब निकाल देतो: लिग्निनमुळे कापोक लालसर होतो, कापूस तसाच राहतो. घरी हे करू नये, आम्ल घातक असते. घरच्या खात्रीसाठी भांडेभर पाणी पुरेसे आहे. चिमूटभर तंतू पाण्यावर ठेवून बोटाने खाली दाबावा. कापोक चंदेरी दिसतो आणि बोट काढताच कोरडा वर येतो. ही चंदेरी झळाळी म्हणजे तंतूंना वेढून राहिलेल्या हवेचा पापुद्रा होय. तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे पाणी त्याला भिजवू शकत नाही.

आता पिंजण्याविषयी. कामाला लागून मला दोनच वर्षे झाली होती, तेव्हा कापोकचा मोठा गठ्ठा भरणीसाठी आला होता. तो कापसासारखाच काटेरी रुळांच्या यंत्रात घालावा असे ठरले आणि मीही त्याला हरकत घेतली नाही. पाच-सहा मिनिटांत खोली धुरकट झाली, खिडकीच्या गजांवर पांढरी साय धरली, आणि यंत्रातून जे बाहेर आले त्याला हात लावताच ते दबून तसेच राहिले. त्यातील चिमूटभर मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नळ्या जागोजाग मोडल्या होत्या, चेपून फितीसारख्या झाल्या होत्या आणि मोडलेली टोके उघडी पडली होती. वजन जवळपास तेवढेच होते, पण कापोक उरला नव्हता. कापूस पिंजल्याने फुलतो, कारण त्याचा तंतू चिवट आणि भरीव असतो व पिंजताना केवळ गुंता सुटतो. कापोकची उसळी गुंत्यात नसून नळीच्या गोलाईत आहे. नळी एकदा चेपली की ती पुन्हा गोल होत नाही.

तेव्हा पोते पिंजायचे नसून नुसते मोकळे करायचे. कोरड्या दिवशी, वारा नसलेल्या बंद खोलीत, एका मोठ्या पातळ कापडी पिशवीत सुमारे तिसरा हिस्सा भरेल इतकाच कापूस घालावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि वेताच्या हलक्या छडीने ती चहूबाजूंनी झोडावी. गाठी सुटतात, धूळ आणि सालीचे तुकडे खाली बसतात आणि कापूस पिशवीभर होतो. उरलेल्या गाठी हाताने, दोन बोटांत धरून हलकेच ओढून सोडवाव्यात. हे काम वेळखाऊ आहे, परंतु एका उशीपुरते तासाभरात होते. नाकातोंडावर मास्क बांधूनच बसावे. हे तंतू इतके हलके असतात की श्वासासरशी ओढले जातात आणि घसा व डोळे चुरचुरतात.

सूत कातण्याचे उत्तर आता सोपे झाले. सूत म्हणजे तंतूंनी एकमेकांना धरून ठेवणे. कापसाच्या फितीला निसर्गतःच पीळ असल्यामुळे एक तंतू दुसऱ्यात अडकतो. कापोकचा तंतू आखूड, सरळ आणि मेणचट. चातीवर पीळ दिला तरी तो घसरून निसटतो, आणि जोर लावला तर तुटतो. निव्वळ कापोकचे टिकाऊ सूत म्हणून निघत नाही. गिरण्यांमध्ये तो कापसाबरोबर किंवा अन्य तंतूंबरोबर मिसळून कातला जातो आणि अशा मिश्र सुताचे कापड हलके व मऊ लागते. माझे मत विचाराल तर, हौस म्हणून कापसाच्या पेळूत थोडा मिसळून पाहायला हरकत नाही, पण पीळ बसताना नळ्या चेपल्या जातात आणि ज्या पोकळीसाठी हा तंतू घ्यायचा तीच बरीचशी नाहीशी होते. कापोकची खरी जागा भरणीत आहे.

पाण्याचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याविषयी एक चुकीची समजूत सर्रास आढळते. चांगला कापोक पाण्यात आपल्या वजनाच्या ३० पटींपर्यंत भार तोलून धरतो. काटेसावरीचा तंतू १० ते १५ पट. हे केवळ तंतू पोकळ असल्यामुळे होते असे बहुतेक जण सांगतात. थोडे गणित करून पाहा. पोकळीसकट तंतूची घनता ०.२९ धरली, तर एक ग्रॅम तंतू साडेतीन ग्रॅमपेक्षा थोडे कमी पाणी बाजूला सारतो. त्यातून त्याचे स्वतःचे एक ग्रॅम वजन वजा केले की तो फक्त अडीच ग्रॅमच्या आसपास भार उचलू शकतो. मग उरलेले साडेसत्तावीस ग्रॅम कोण उचलते? ते उचलते तंतूंच्या मधली हवा. मेणाच्या थरामुळे पाणी या जंजाळात शिरूच शकत नाही, आणि अख्खा पुंजका एखाद्या फुगवलेल्या पिशवीसारखा वागतो. नळ्यांची गोलाई त्या पुंजक्याला फुगलेले ठेवते आणि मेण पाण्याला बाहेर ठेवते. दोन्ही शाबूत असतील तोवर कापोक तरंगतो. महिनाभर पाण्यात ठेवूनही त्याची तरंगण्याची शक्ती केवळ दहाएक टक्क्यांनी घटते. दोहोंपैकी एक गेले, म्हणजे पुंजका चेपला गेला किंवा मेण निघाले, की तो साध्या कापसाच्या वाटेने जातो.

जीवरक्षक जॅकेटमध्ये तो भरत असत हे पूर्णपणे खरे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला लागणाऱ्या कापोकचा फार मोठा हिस्सा जावा बेटावरून येत असे. १९४२ मध्ये जपानने ते बेट घेतले आणि अमेरिकेचा पुरवठा एकदम तुटला. नौसैनिकांच्या जॅकेटमध्ये काय भरायचे हा प्रश्न तेव्हा मिल्कवीड नावाच्या रानटी झुडपाने सोडवला. ते आपल्या परिचयाच्या रुईच्या कुळातले आहे आणि त्याच्या शेंगेतील रेशमी झुबके हेही पोकळ, मेणचट तंतूच असतात. शाळकरी मुलांनी माळावरून त्याच्या शेंगा पोत्यांनी गोळा केल्या. ‘दोन पोती एक जीव वाचवतात’ अशी त्या मोहिमेची घोषणा होती. एका झाडाच्या बोंडातील तंतूची जागा भरून काढायला शाळाशाळांतील मुलांना रानोमाळ फिरावे लागले, ही गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो.

त्या जॅकेटचा एक दोष मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाण्याला न जुमानणारा हा तंतू तेलाला लगेच वश होतो, कारण मेण आणि तेल यांचे जमते. बुडत्या जहाजाचे इंधन पाण्यावर पसरले आणि जॅकेट त्यात माखले की तंतूंमधली हवा जाऊन तिथे तेल भरत असे. पुढे कापोक बंद व्हिनाइलच्या पिशव्यांत भरून त्या जॅकेटमध्ये घालू लागले. अशी जुनी जॅकेट अजूनही कुठेकुठे आढळतात, त्यांची तपासणी हाताने होते: पिशवी दाबावी, हवा सुसकारत बाहेर आली, किंवा आतला कापूस कडक, चेपलेला वा ओला लागला, तर ते जॅकेट बाद समजावे. त्याच्या भरवशावर कोणीही पाण्यात उतरू नये. आता बहुतेक जॅकेटमध्ये कृत्रिम फोम असतो. तेलाची हीच ओढ दुसऱ्या कामी येते. पाण्यावर सांडलेले तेल टिपण्यासाठी कापोकचे उत्तम बोळे होतात. सैल भरलेला कापोक आपल्या वजनाच्या तीस-चाळीस पट तेल धरतो आणि पाणी बाहेरच ठेवतो.

उशीकडे वळू. इथे एक बारकावा आहे. कापोक पाण्याने भिजत नाही, याचा अर्थ त्याला दमटपणा लागत नाही असा नाही. पाण्याचा थेंब मेणावरून घरंगळतो, परंतु हवेतील बाष्प भिंतीत शिरते. नेहमीच्या दमट हवेत तो वजनाच्या सुमारे दहा टक्के बाष्प धरून ठेवतो, म्हणजे कापसापेक्षा किंचित जास्तच. म्हणून कापोकची उशी घामट लागत नाही. आणि म्हणूनच पावसाळी हवेत ती मलूल होते व उन्हात ठेवल्यावर पुन्हा टवटवीत होते. उन्हाने बाष्प निघून जाते, भिंती ताठरतात, आणि उशी दोन्ही हातांनी थोपटली की आतली हवा परत जागा घेते.

खोळीचे कापड घट्ट विणीचे असावे. प्रकाशासमोर धरले असता विणीतून ठिपके दिसत असतील तर तंतू बाहेर येणार हे नक्की. शिवण दुहेरी घ्यावी, सुई बारीक वापरावी आणि टाके जवळजवळ घालावेत, कारण तंतू कापडातून जितके निघतात त्याहून जास्त सुईच्या भोकांतून निघतात. भरताना कोपरे आधी, मग कडा आणि शेवटी मध्यभाग. मूठ दाबून कोंबू नये. मोकळा पुंजका दोन्ही तळव्यांत उचलून आत ठेवावा आणि पुढचा त्याच्याशेजारी. प्रथम भरलेली उशी जरा जास्तच टपोरी वाटली पाहिजे. पहिल्या काही आठवड्यांत डोक्याच्या वजनाने ती बसते, आणि नेमकी भरलेली उशी तेव्हा चपटी होते. थोडा कापूस राखून ठेवून महिन्याभराने भर घालता येईल अशी एक बाजू हातशिलाईने बंद केली तर उत्तम.

उशी धुवू नये. साध्या पाण्याने कापोक भिजतच नाही, त्यामुळे आतला मळ निघत नाही. साबणाने मात्र पाण्याचा ताण मोडतो आणि मेणाला न जुमानता पाणी आत घुसते. मग तंतू एकमेकांना चिकटून लगदा होतो. हा लगदा आतून वाळायला दिवसचे दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत कुबट वास धरतो. यंत्रात धुतलेल्या उशा माझ्याकडे दुरुस्तीला आल्या आहेत. त्यांच्या आत सुपारीएवढे कठीण गोळे निघाले आणि त्यातले काहीही परत वापरता आले नाही. अभ्रा धुवावा, आतील खोळीवर आणखी एक काढता येणारी खोळ असेल तर तीही धुवावी, आणि कापसाला फक्त ऊन दाखवावे: महिन्यातून एकदा दोन-तीन तास, मध्ये एकदा उशी उलटून. खोळीतून काढून उघडा कापूस उन्हात पसरू नये. वाऱ्याने उडेल हे एक, आणि थेट उन्हाने लिग्निन खराब होऊन तंतू चुरतो हे दुसरे.

या तंतूविषयी दोन गोष्टी विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सहसा सापडत नाहीत. पहिली म्हणजे आग. इतकी पातळ भिंत आणि इतकी हवा एकत्र असल्यावर उघडा कापोक ठिणगीसरशी भडकतो; ज्वाला पुंजक्याच्या पृष्ठभागावरून क्षणात धावते. त्यामुळे मोकळा करण्याचे काम चुलीजवळ, दिव्याजवळ किंवा ठिणग्या उडणाऱ्या यंत्राजवळ कधीही करू नये, आणि पोते स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नये. दुसरी गोष्ट धुळीतल्या माइट किड्यांची. कापोकमध्ये हे किडे होतच नाहीत असे ठामपणे सांगितले जाते. हे किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि तो कोंडा कोणत्याही उशीत जमतो. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असणारी व्यक्ती असेल तर या दाव्यावर विसंबू नये. घट्ट विणीची खोळ, वरचेवर धुतलेला अभ्रा आणि डॉक्टरांचा सल्ला यांवर भर द्यावा.

बिया हाती आल्यावर झाड लावण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून त्याविषयीही दोन शब्द. पांढरी सावर मूळची मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेपर्यंतची आणि पश्चिम आफ्रिकेतलीही. दोन खंडांत एकच झाड कसे, याचा माग जनुकीय अभ्यासाने काढला आहे: अटलांटिकच्या प्रवाहांवरून बिया पलीकडे पोहोचल्या असाव्यात. जे बोंड माणसाला पाण्यावर तोलून धरू शकते, त्याने स्वतःच्या बिया महासागरापार नेल्या असतील, यात मला तरी नवल वाटत नाही. हे झाड साठ मीटरपर्यंत उंच जाऊ शकते. बुंध्याशी माणसाहून उंच, भिंतींसारखी आधारमुळे फुटतात, आणि कोवळ्या खोडावर शंकूसारखे टणक काटे असतात. मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांनी त्याला विश्वाचा मध्यस्तंभ मानले. ग्वाटेमालाने १९५५ मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्ष केले. सिएरा लिओनच्या फ्रीटाउन शहराच्या मध्यभागी असलेला असाच शतकानुशतकांचा वृक्ष २४ मे २०२३ रोजी वादळात कोसळला, तेव्हा अख्ख्या देशाने हळहळ व्यक्त केली. सांगायचे हे की झाड घराशेजारी, विजेच्या तारांखाली किंवा भिंतीलगत लावू नये. लाकूड मऊ असल्याने जोराच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. ऐसपैस मोकळी जागा असेल तर अवश्य लावावे, वटवाघळांसाठी तरी. बोंडे मात्र उकलण्यापूर्वीच काढून घ्यावीत, कारण ती झाडावर फुटली की तंतू वाऱ्यावर जातो आणि जो जमिनीवर पडतो त्याला माती लागते.

शेवटचे आपल्या जुन्या उशीविषयी. नव्या कापसाबरोबर तिच्यातला कापूस मिसळावा का, असेही आपण पुसटसे विचारले आहे. खोळीची शिवण चार बोटे उसवून आतून मूठभर कापूस काढा, मूठ घट्ट आवळा, दहापर्यंत मोजा आणि उघडा. पुंजका उमलत वर आला तर कापूस चांगला आहे, पिशवीत झोडून मोकळा करून खुशाल मिसळा. मुठीच्या आकारातच तो बसून राहिला तर दोन तास ऊन देऊन हीच परीक्षा पुन्हा घ्या. दमटपणामुळे दबलेला कापूस दुसऱ्या वेळी उमलतो. मूठ उघडल्यावर तळहातावर पिठासारखी पिवळट भुकटी राहिली तर नळ्या मोडल्या आहेत. असा कापूस नव्या कापसात मुळीच मिसळू नये, त्याची भुकटी चांगल्या तंतूंच्या मधल्या जागा भरते आणि संपूर्ण उशी एका वर्षात बसवते.